पुलाचं काम घेतलंय, आधी सगळं वाचा मग फोन करा

प्रिय आई-बाबा,

फोनवर सांगितलं असतं तर बाबा "बरं, बरं" म्हणून आईच्या हातात फोन देऊन मोकळे झाले असते, आई रडली असती आणि मग माझ्या तोंडूनही शब्द फुटला नसता. म्हणून लिहितेय. आई, तूच मोठ्याने वाच, आणि बाबांना आरामखुर्चीत बसवून वाच, उभ्या उभ्या नको. बायपासच्या ऑपरेशनला अजून दोन महिनेही झाले नाहीत.

तर, मी पुलाचं काम घेतलंय. घेऊ का असं विचारत नाहीये, घेतलंय. सह्या झाल्यात, बँक गॅरंटी दिलीय, पायासाठी खोल भोकं पाडायचं बोअरिंगचं रिग साइटवर येऊन उभं आहे. हायवेच्या चौपदरीकरणाचा एक तुकडा आणि त्यातच नदीवरचा पूल, सहा गाळ्यांचा, एकेक गाळा, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, ४० मीटरचा. अडीच वर्षं तरी जातील.

मला सगळ्यात जास्त टोचतंय ते वेगळंच. ज्या दिवशी सही केली त्याच संध्याकाळी मी घरी होते, बाबांचे रिपोर्ट मांडीवर घेऊन बसले होते. बाबा, तुम्ही विचारलंत कामाचं काय, आणि मी म्हटलं, "चाललंय रस्त्याचं." खोटं नव्हतं पण खरंही नव्हतं ते. तुम्ही मान हलवलीत आणि डोळे मिटलेत, आणि मला तिथेच सांगून टाकावंसं वाटलं पण तुमच्या छातीवरची पट्टी दिसली आणि धीर झाला नाही. चुकलं माझं. आता या पत्रात काही लपवणार नाही, जे वाचायला बरं वाटणार नाही तेही लिहिणार आहे.

बाबा, तुमचं वाक्य मला पाठ आहे. माती कर, खडी कर, डांबर कर, पाण्यावर जाऊ नकोस. त्या रात्रीनंतर आपल्या घरात पुलाचा विषय कधी निघाला नाही. मी दहा वर्षांची होते, झोपलेय असं तुम्हाला वाटलं पण मी जागी होते, दाराच्या फटीतून बघत होते. तुम्ही गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले, आणि आई खाली बसून तुमच्या बुटाची नाडी सोडवत होती आणि ती सुटतच नव्हती, ओली होऊन घट्ट बसली होती. शेवटी आईने कात्री आणली. ते मी विसरलेली नाही. ते विसरून हे काम घेतलं असं कृपा करून समजू नका, ते आठवत आठवतच प्रत्येक कागद वाचलाय.

का घेतलं ते सांगते. नुसत्या रस्त्याच्या कामावर आपण किती वर्षं काढली? भराव आपण करायचा, सबग्रेड, म्हणजे रस्त्याखालचा मातीचा थर, आपण दाबायचा, डांबर रात्री-बेरात्री आपण पसरायचं, आणि वरच्या कंत्राटदाराच्या हाताखाली सबकॉन्ट्रॅक्टर म्हणूनच राहायचं, कारण पूल पूर्ण केल्याचा दाखला आपल्याकडे नाही. तो नसला की मोठ्या टेंडरला आपण आत शिरूच शकत नाही. आणि रस्ता कितीही जीव ओतून केला तरी त्याच्यावर भरमसाट लादलेल्या गाड्या धावतात आणि दुरुस्तीच्या मुदतीत खड्डा पडला की बोट आपल्याकडे. तुम्ही नेहमी म्हणायचात ना, की एक जास्त भरलेला ट्रक शंभर गाड्यांपेक्षा वाईट. ते अगदी खरं निघालं बघा, अमेरिकेत १९५८ ते १९६० मध्ये रस्ते मुद्दाम बांधून त्यावर ट्रक फिरवत ठेवले होते, त्यातून निघालं की ॲक्सलवरचं, म्हणजे चाकांच्या आसावरचं, वजन दुप्पट झालं की रस्त्याची झीज दुप्पट नाही, साधारण सोळा पट होते. कॉलेजात हे शिकले तेव्हा मला पहिल्यांदा तुमचा चेहरा आठवला होता. मागच्या वर्षीचा तो तुकडा उखडला तेव्हा आपलं बिल अडलं, तुम्ही कुणाला दोष दिला नाहीत, गप्प राहिलात, आणि पंधरा दिवसांनी छातीत दुखायला लागलं. डॉक्टर काहीही म्हणोत, माझ्या डोक्यात त्या दोन गोष्टी जोडल्या गेल्यात. आणि माणसं आहेत आपल्याकडे. रोलरवाले काका, सेंट्रिंगची गँग, तुम्ही ज्यांना सायकलवर असताना कामाला घेतलंत ती सगळी. त्यांना अर्धं वर्ष काम आणि अर्धं वर्ष घरी, असं किती दिवस ठेवायचं.

घर गहाण नाही. आईचं काही ठेवलेलं नाही. हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं.

आता बाबा, तुम्ही जे विचारणार आहात ते. स्टेजिंग, म्हणजे ओलं काँक्रीट पेलायला खालून उभे केलेले टेकू.

त्या रात्रीबद्दल तुम्ही मला एकदाच सांगितलंत, मी दुसऱ्या वर्षाला असताना, की काँक्रीटचा दोष नव्हता, टेकूखालचा भराव बसला. एक घनमीटर काँक्रीट म्हणजे सळईसकट अडीच टन, आणि ओलं असेपर्यंत ते स्वतःचा भार जराही पेलत नाही, सगळा भार टेकूवर आणि टेकूखालच्या मातीवर. एक टेकू दोन बोटं खचला की त्याचा भार शेजारच्यावर जातो आणि मग थांबवता येत नाही. या पुलाला नदीत टेकूंचं जंगल उभं करायचंच नाहीये. गर्डर, म्हणजे पुलाच्या लांब तुळया, काठावरच्या यार्डात ओतायचे, आतल्या केबलला ताण द्यायचा आणि मग लाँचर नावाच्या यंत्राने उचलून पियरवर, म्हणजे खांबांवर, बसवायचे, एकेक गर्डर शंभर टनांच्या आसपास जाईल. वरच्या स्लॅबचं शटरिंग, म्हणजे साचा, गर्डरलाच टांगलेलं असेल. पियर कॅपला, म्हणजे खांबाच्या माथ्याला, मात्र आधार लागेल, ते लपवत नाही, पण तो जमिनीवरून नाही, पियरलाच ब्रॅकेट आवळून घेणार आहोत. म्हणजे पुराने माती सैल झाली तरी त्याचा आधाराशी संबंध नाही. लाँचिंगचे दिवस मोठे असतील, त्या दिवशी मी स्वतः उभी असेन, वारा वाढला तर गर्डर उचलायचा नाही असं लेखी आहे.

दुसरं तुम्ही विचाराल ते पाया किती खोल. पाइल, म्हणजे पायाचे जमिनीतले खांब, खडकात घुसवतोय, नदी जिथवर खरवडू शकते त्याच्या बऱ्याच खाली. मला ठाऊक आहे की पूल पडतात ते जास्त करून वरून नाही, खालून. पुराचं पाणी पियरभोवती भोवरा घालून माती उपसतं आणि पूर ओसरताना तोच खड्डा गाळाने पुन्हा भरून टाकतं, वरून बघणाऱ्याला सगळं ठीक दिसतं. न्यूयॉर्क राज्यात स्कोहारी क्रीक या छोट्या नदीवरचा हायवेचा पूल ५ एप्रिल १९८७ ला असाच गेला, पायाखालची माती वाहून गेली होती, १० माणसं दगावली. म्हणून पाणी उतरलं की नुसतं बघायचं नाही, तळ मोजायचा, आणि तो आकडा दर वेळी त्याच वहीत लिहायचा. पाइलमध्ये काँक्रीट ट्रेमीने, म्हणजे तळापर्यंत सोडलेल्या पाइपमधून, जातंय, पाइपचं तोंड दोन मीटर तरी काँक्रीटमध्ये बुडलेलं राहिलं पाहिजे, वर आलं की पाणी-चिखल आत शिरलाच. पहिल्या पाइलला मी रात्री दीडपर्यंत पाइपची प्रत्येक लांबी स्वतः मोजली. मोजून झोपले, जेवून झोपले. दोन्ही.

आणि आई, तुझ्यासाठी. तू म्हणशील, माणूस पडला तर? खाली जाळी आहे. सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल बांधला ना, १९३३ ते १९३७, तेव्हा पुलाखाली मोठी जाळी लावली होती आणि १९ माणसं तिच्यात पडून वाचली. आता लपवायचं नाही म्हटलंय तर पुढचंही सांगते, शेवटी शेवटी एक अख्खी परांचीच कोसळून जाळीवर आली, जाळी फाटली आणि १० जण गेले. म्हणजे जाळी माणसासाठी असते, परांचीचा भार तिने झेलायचा नसतो. म्हणून आपल्या साइटवर सुरक्षेचा पट्टा परांचीला बांधायचाच नाही, वेगळ्या दोरीला बांधायचा, परांची गेली तरी माणूस लटकून राहील. मीसुद्धा बांधते. हेल्मेटशिवाय मी रिगजवळ जात नाही.

अजून एक नियम केलाय आणि तो तुमच्यामुळे केलाय बाबा. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी आहे, पोरगेल्या हेल्परच्यासुद्धा. काही वाकडं वाटलं, टेकू कुरकुरला, वायर सैल दिसली, की वाजवायची आणि काम थांबणार, चुकीची वाजवली तरी त्याची हजेरी कापायची नाही. कॅनडात क्वेबेकचा पूल १९०७ मध्ये बांधता बांधता पडला, ७५ कामगार गेले. लोखंडी पट्ट्या वाकताहेत हे साइटवर लोकांना आधीपासून दिसत होतं. नवा भार टाकू नका अशी तार निघाली होती, ती साइटवर वेळेत पोचली नाही. तुमच्याही वेळेला त्या मुलाने संध्याकाळी सांगितलं होतं ना, की खालून आवाज येतोय. तुम्हाला कुणी निरोपच दिला नाही. तुमचा त्यात दोष नव्हता बाबा. हे मी कधी बोलले नाही, आज लिहिते.

घराचं सगळं लावून दिलंय. बाथरूमच्या भिंतीला दांडी बसवायला माणूस शनिवारी येईल, त्याला दोन दांड्या सांगितल्यात, एक बसायच्या जागी आणि एक आंघोळीच्या, आई एकच पुरे म्हणून त्याला परत पाठवू नकोस. बाबांचा पलंग खिडकीकडे सरकवून घ्या, सकाळचं ऊन तिथे येतं. रात्री उठलात तर आपोआप लागणारा छोटा दिवा पॅसेजमध्ये लावलाय, त्याचा प्लग काढून मोबाइल चार्जिंगला लावू नका. मावशी आता सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा येतील, त्यांच्याशी बोलून झालंय, पगाराचं तुम्ही बघायचं नाही. गोळ्यांच्या डबीत वार लिहिलेत. आई, तुझी बीपीची गोळी बाबांच्या डबीशेजारीच ठेव, त्यांच्या सात वेळा सांभाळताना तू स्वतःची विसरतेस, मी पाहिलंय. पंधरा दिवसांनी एकदा येईनच, ओतकाम नसेल तो रविवार. दादालाही कळवलंय, तो रोज रात्री फोन करेल.

बाबांनी साइटवर यायचं नाही. निदान चार महिने तरी. रिक्षाने येऊन लांबून बघतो हेसुद्धा नाही. रोज संध्याकाळी फोटो पाठवेन, पाहिजे तर बार बेंडिंग शेड्यूल, म्हणजे सळयांच्या मापांची यादी, छापून पाठवते, घरी बसून सळई तपासा, चूक तुमच्या नजरेला पडते तशी दुसऱ्या कुणाच्याच पडत नाही. पण दिवसातून एकच तास. आणि भिंगातून वाचायचं, डोळे ताणून नाही.

तुम्हाला आठवतं का, मी शाळेतून थेट साइटवर यायचे तेव्हा क्यूबच्या, म्हणजे ताकद तपासायच्या ठोकळ्याच्या, साच्यात काँक्रीट भरून झालं की तुम्ही मला खिळा द्यायचात. ओल्या पृष्ठभागावर तारीख लिहायचं काम माझं. माझा चार उलटा पडायचा, तरी तुम्ही तो पुसायचा नाहीत, तसाच टाकीत ठेवायचात. मग २८ दिवसांनी तो मशीनखाली फोडायचा, आणि मी दर वेळी माझी तारीख फुटली म्हणून रडायचे आणि तुम्ही मला खांद्यावर घेऊन सगळी साइट फिरवायचात. मला वाटायचं सगळ्यांचे बाबा असेच असतात.

परवा पहिल्या पाइलचे क्यूब भरले. लॅबचा मुलगा मार्कर घेऊन आला होता, मी त्याला थांबवलं आणि खिळ्याने लिहिलं. चार अजून तसाच येतो. एक क्यूब जास्तीचा भरलाय, तो फोडायला देणार नाही, २८ दिवस पाण्यात ठेवून घरी आणतेय. आठ किलोचा आहे, बाबांनी तो उचलायचा नाही, टेबलावर मीच ठेवेन. तुम्ही फक्त तुमची ती छोटी हातोडी शोधून ठेवा, मारून आवाज ऐका आणि मला सांगा कसा झालाय.

तुमची,
छकुली