विषय : 402 मधील बिडाचा बाथटब, आमची गळती आणि अडलेला जिना (तिसरे पत्र)

मा. अध्यक्ष,
स. न. वि. वि.

आधीच्या दोन पत्रांना उत्तर नाही. आपण कामात असाल असं समजून थांबलो. आता छत थांबत नाही.

402 ने बाथरूम नवं करावं, माझी हरकत कधीच नव्हती. पण तिथला जुना बिडाचा टब म्हणजे बादली नव्हे. दीडशे किलोच्या आसपास भरतो. आपल्या लिफ्टवर 4 माणसं, 272 किलो अशी पाटी आहे. टबासोबत दोघे चढले तरी मर्यादा ओलांडते. तरी तो काढून लिफ्टनेच खाली न्यायचं ठरवलं होतं. मी अडवलं, म्हणून उलट मलाच बोलणी खावी लागली.

मग घण आला. बीड वाकत नाही, तडकतं, त्यामुळे टब जागेवर फोडतात हे मलाही मान्य आहे. पण आधी निचऱ्याचा पाइप सोडवायचा, वर जाड गोधडी टाकायची, मग घाव घालायचे. इथे पाइप तसाच जोडलेला ठेवून दोन दिवस घाव बसले, तेही दुपारी 2 ते 4 मध्ये. ही वेळ नियमावलीत शांततेची आहे. तेव्हापासून आमच्या बाथरूमच्या छतातून पाणी ठिबकतंय, पोपडे पडताहेत. ऐंशीच्या घरातली आई आंघोळीला जायला घाबरते.

टबाचे तुकडे नऊ दिवस जिन्यात पडून आहेत. वरच्या मुलाम्याच्या खपल्या काचेसारख्या कापतात. 203 मधल्या मुलाचा पाय कापला, त्याची आईही संतापली आहे. जिना मोकळा ठेवण्याचा नियम आहेच. (माझं चपलांचं कपाट भिंतीला लागून आहे, त्याचा इथे संबंध नाही.)

याच घराच्या कुंड्यांचं पाणी मागल्या वर्षी आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडत होतं. तेव्हाही मीच समजुतीनं घेतलं. 304 आणि 401 माझ्याशी सहमत आहेत. 304 सही करायलाही तयार आहेत.

रविवारपर्यंत जिना रिकामा करून घ्यावा. सोसायटीच्या प्लंबरने 402 मध्ये जाऊन पाइप तपासावा, तोवर तिथलं काम बंद ठेवावं. आमच्या छताचा खर्च त्यांनी द्यावा. आणि या वेळी उत्तर लेखी हवं. सोमवारी या पत्राची प्रत मी नोटीस बोर्डावर लावणार आहे.

आपला,
सदनिका क्र. 302