‘आज दूरदर्शनवर’ची चौकट परत सुरू करा

माननीय संपादक,
स. न.

आपल्या अंकात राशिभविष्य असते, सोन्याचा भाव असतो, शब्दकोडे असते. पूर्वी त्यांच्याच शेजारी ‘आज दूरदर्शनवर’ अशी बोटभर चौकट असायची. ती कधी गायब झाली हे माझ्या ध्यानातही आले नव्हते. गेल्या मंगळवारी आले, म्हणून हे पत्र.

माझी आई ८४ वर्षांची आहे. टीव्हीचा एक रिमोट, सेट टॉप बॉक्सचा दुसरा. दोन-तीनदा भलतेच बटण दाबले जाऊन पडदा निळा झाला, तेव्हापासून तिने दोन्हींना हात लावणे सोडले. सकाळी कामावर जाताना मी सह्याद्री वाहिनी लावून देते आणि संध्याकाळी येऊन चहा टाकते. मधल्या वेळात ती काय पाहते, हे मी कधी विचारले नव्हते. मंगळवारी रजा होती, तर दिवसभर तिच्याशेजारी बसून राहिले.

सकाळी अभंग झाले. मग शेतीचा कार्यक्रम. आमच्या सात पिढ्यांत कोणाच्या नावे सातबारा नाही, पण आई कांद्याच्या चाळीची माहिती अशी मन लावून ऐकत होती, जणू उद्या तिलाच कांदा भरायचा आहे. कांद्याची मान नीट सुकली नसेल तर तो चाळीत सडतो, चाळीला खालून हवा लागते, काढलेला कांदा आधी सावलीत सुकवावा लागतो. मला यातले काही ठाऊक नव्हते. आईला होते. ‘मागच्या खेपेला सांगितलं होतं की,’ म्हणाली. स्वयंपाकघरातली आमची कांद्याची टोपली ओट्याखालून खिडकीपाशी का गेली, याचा उलगडा मला तेव्हा झाला.

त्यानंतर डॉक्टरांना फोनवरून प्रश्न. एका बाईंनी साखर आटोक्यात आली म्हणून गोळ्या परस्पर बंद केल्या होत्या. डॉक्टरांनी न रागावता, सावकाश समजावले. आईने माझ्याकडे पाहिले नाही, पण तिचा हात गोळ्यांच्या डबीकडे गेला. दुपारी एक तास इतका सपाट गेला की ती बसल्या जागी झोपली. सगळेच चांगले होते असे मी म्हणणार नाही. मात्र उठली ती एका जुन्या, स्टुडिओत चित्रित केलेल्या नाटकाला. दार लावले की भिंत हलायची. आणि तरीही आम्ही दोघी शेवटपर्यंत हललो नाही, कारण नट बोलत होते ते शब्द ऐकू येत होते, मागून ढॅणढॅण नव्हती. पुढे भारूड, संध्याकाळच्या बातम्या आणि मग एका लोककलावंताची मुलाखत. मुलाखतकार प्रश्न विचारून गप्प बसला आणि समोरच्या माणसाने वाक्य पूर्ण केले! हल्ली पडद्यावर हे दृश्य दुर्मीळ झाले आहे.

या सगळ्यात आईने मला निदान दहा वेळा विचारले, ‘आता पुढं काय गं?’ मला सांगता येईना.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुण्यात चित्र दिसू लागले, तेव्हा आमच्या वाड्यात एकच संच होता आणि पोरांची जागा सतरंजीवर. रविवारच्या ‘साप्ताहिकी’त येत्या आठवड्याचे कार्यक्रम सांगत. आई पेन्सिल घेऊन बसायची आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करायची. ‘गजरा’ कधी, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’त कोण येणार, नाटक कोणत्या दिवशी. त्या खुणांप्रमाणे भाजी निवडायची, आणि कणीकही त्याच बेताने मळली जायची. निवड करून पाहणे म्हणजे काय, हे मी तिच्याकडून शिकले. वाहिनी एकच होती, हे खरे.

आज वाहिन्या शेकड्यांनी आहेत, पण बहुतेकींना वेळापत्रक लागतच नाही. मालिकांच्या वाहिनीवर आठाची मालिका रोज आठलाच असते आणि सासू कालच्या पायरीवरून आज एक पायरी खाली आलेली असते. वृत्तवाहिनी कधीही लावा, भांडण चालूच. जिथे एका दिवसात कांदा, मधुमेह, नाटक आणि भारूड मांडलेले असते, तिथेच पुढे काय आहे हे आधी कळावे लागते. नाहीतर ज्याला नाटक हवे त्याला कांदा मिळतो आणि शेतकऱ्याला भारूड. दोघेही ‘इथे काही नसते’ म्हणत पुढे सरकतात.

हे वैविध्य अपघाताने आलेले नाही. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसारभारतीच्या १९९०च्या कायद्यात शेती, ग्रामविकास, आरोग्य, विज्ञान यांकडे लक्ष देणे ही कर्तव्ये म्हणून लिहिलेली आहेत, आणि मुले, अंध, वृद्ध यांच्या हिताचा उल्लेखही वेगळा आहे. १९९५च्या केबल कायद्याने ठरावीक दूरदर्शन वाहिन्या दाखवणे केबलचालकांवर बंधनकारक केले. दूरदर्शनच्या डीडी फ्री डिश या छत्रीवरच्या सेवेला तर महिन्याचे शुल्कही नाही. म्हणजे वाहिनी घरात पोहोचली आहे. तिच्यावर आज काय आहे, एवढेच पोहोचलेले नाही.

‘मोबाइलवर बघा की’ असे माझा मुलगा म्हणतो. त्याचे बरोबर आहे, त्याच्यापुरते. सेट टॉप बॉक्सवरची यादी मी आईला दाखवून पाहिली. अक्षरे मुंगीएवढी, आणि ती वाचायला पुन्हा तोच रिमोट. तिला जे हाताळता येते ते आपले वृत्तपत्र. ते ती पहिल्या पानापासून निधनवार्तांपर्यंत भिंग घेऊन वाचते.

पूर्ण पान नको, रोज सहा ओळी पुरेत: सह्याद्री आणि राष्ट्रीय वाहिनीवरचे मुख्य कार्यक्रम, वेळेसह. जमल्यास आकाशवाणीच्या दोन ओळी. रोज शक्य नसेल तर रविवारी आठवड्याचे एकदम द्या. टंक मात्र जरा मोठा ठेवा. पेन्सिल आम्ही आणून ठेवली आहे.

आपली,
एक नियमित वाचक