म्हशी सोडून जायचे कुठे?

पूंछ,
दि. २० मे २०२५

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर मी "ठीक आहे" यापलीकडे बोललो नाही, म्हणून हे पत्र.

७ मेच्या पहाटे सीमेपलीकडून पाकिस्तानचे तोफगोळे पडू लागले तेव्हा घरमालक सरदारजींचे कुटुंब, वरच्या मजल्यावरचे मुसलमान शिक्षक, शेजारच्या बांधकामावरचे चार बिहारी मजूर आणि मी, असे सगळे जिन्याखाली दाटीवाटीने बसलो होतो. बंकर आहेत ते सीमेलगतच्या गावांत. शहरात बहुतेकांना असाच आडोसा. २०२१ च्या शस्त्रसंधीपासून चार वर्षे शांततेत गेल्याने लोक सावधपणा विसरले होते. १९७१ चे युद्ध पाहिलेल्या सरदारजींच्या आई तेवढ्या प्रत्येक आवाजाला बोट वर करून "लांब", "जवळ" सांगत होत्या, आणि त्या चुकल्या नाहीत.

त्या दिवशी गुरुद्वाऱ्याचे नुकसान झाले, मदरशातले एक शिक्षक गेले, शाळकरी जुळी भावंडे गेली. गोळ्याला जात-धर्म नसतो, असे इथे जो तो म्हणतो. मला ते अर्धेच पटते. सरदारजी दुपारी स्वतःच्या गाडीने जम्मूला निघाले. ठेकेदाराचा फोन बंद असल्याने मजूर गाठोडी घेऊन पायीच सुरनकोटच्या रस्त्याला लागले. वरचे शिक्षक मात्र टीव्हीसमोरून हलेनात, कारण मदरशातल्या त्या मृत शिक्षकांना काही वाहिन्या दहशतवादी म्हणत होत्या. पोलिसांनी ते खोडून काढले, तरीही आमचे शिक्षक दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

आमचा गुज्जर दूधवाला तर गेलाच नाही. म्हशी सोडून जायचे कुठे, एवढेच त्याचे उत्तर. दूध घेणारे उरले नव्हते, पण धार काढावीच लागे. १० तारखेला गोळीबार थांबेपर्यंत तो दूध नाल्यात ओतत होता.

काही दिवसांपूर्वी त्याला मी आपल्या पुलगावच्या दारूगोळा डेपोतली आग सांगितली: ३१ मे २०१६ ची ती रात्र, घराघरांची हादरलेली दारे, पायी रिकामे झालेले गाव, आणि बाबा बैलांची दावी सोडेपर्यंत चौकात थांबून राहिलेली आई. त्याने एवढेच विचारले, "बैल परत आले का?" मी तेव्हा वर्ध्याला वसतिगृहात होतो, मला सांगता आले नाही. तो रोज विचारतो आहे. बाबा, तेवढे जरूर कळवावे.

आपला आज्ञाधारक,
मुलगा