पामेरियनचे केस उन्हाळ्यात भादरू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की घरोघरच्या पामेरियन कुत्र्यांचे केस, त्यांची दया येऊन, मशीनने भादरले जातात. दोन वर्षांपूर्वी आम्हीही आमच्या कुत्रीचे केस एका दुकानातून असेच उतरवून आणले. तिच्या पाठीवर ते अजून नीट आलेले नाहीत, आणि याचे दुःख घरात सर्वांना आहे.

ही जात मुळात थंड मुलखातली. बाल्टिक समुद्राकाठच्या, आज पोलंड आणि जर्मनी यांच्यात विभागलेल्या पोमेरेनिया प्रांतावरून तिला नाव मिळाले. तिचे पूर्वज उत्तरेकडील स्पिट्झ कुळातील, म्हणजे उभ्या कानांचे, निमुळत्या तोंडाचे आणि दाट केसांचे, मोठे कुत्रे होत. राणी शार्लटने १७६७ मध्ये इंग्लंडला आणवलेली जोडी आजच्या मानाने बरीच थोराड होती. पुढे १८८८ मध्ये व्हिक्टोरिया राणीने फ्लॉरेन्सहून लहान चणीचा कुत्रा आणला, आणि लहानखुऱ्या पामेरियनची हौस इतकी वाढत गेली की आज अस्सल पामेरियनचे वजन दीड ते सव्वातीन किलो एवढेच असते. अंग आटले, केसांचा दुहेरी थर मात्र तसाच राहिला. (आपल्याकडे ज्यांना सर्रास पामेरियन म्हणतात, त्यांतील पुष्कळसे खरे तर अंगाने मोठे इंडियन स्पिट्झ असतात, पण केसांची ठेवण त्यांचीही हीच.)

आतली दाट, मऊ लव आणि वरचे लांब, राठ केस यांत कोंडलेली हवा थंडी अडवते तशी उन्हाची झळही अडवते; आपल्या जुन्या धाब्याच्या घरांच्या जाड भिंतींचे काम याहून वेगळे नसते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते मुख्यतः धापा टाकून अंग थंड करते. म्हणून केस उतरवल्याने त्याला फारसा गारवा मिळत नाही, उलट कातडी उघड्यावर येते, आणि या जातीत भादरलेली जागा कित्येक महिने, क्वचित कायमचीच, बोडकी राहू शकते.

त्याऐवजी गळालेली लव फणीने नियमित विंचरून काढावी, पाणी सतत भरलेले ठेवावे आणि दिवस मावळून रस्ता निवल्याशिवाय कुत्र्याला बाहेर नेऊ नये. या जातीची श्वासनलिका नाजूक असल्याने गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा वापरावा. केस कापणाऱ्या दुकानदारांनी मशीन लावण्यापूर्वी मालकाला या धोक्याची कल्पना द्यावी, आणि आपल्या दैनिकाने होळीच्या सुमारास एखाद्या पशुवैद्यकाचे मार्गदर्शन छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, भुसावळ