सूचना : मार्चअखेरच्या रिपोर्टमधल्या तारखा

सर्व सभासदांना नमस्कार. मार्चअखेरचे रिपोर्ट काढण्याआधी मायएसक्यूएल या डेटाबेसच्या क्वेरीतल्या (माहिती मागवणाऱ्या आज्ञेतल्या) तारखा कृपया एकदा नीट तपासा.

सगळ्यात घातक चूक 'बिटवीन'ची, म्हणजे दोन तारखांमधल्या नोंदी निवडणाऱ्या अटीची. कॉलम डेटटाइम (तारीख आणि वेळ दोन्ही साठवणारा) असेल आणि शेवटची तारीख नुसती २०२६-०३-३१ दिली, तर डेटाबेस ३१ मार्चचे ००:०० वाजलेले धरतो. त्या दिवसभरातल्या नोंदी रिपोर्टमधून गळतात. एरर येत नाही, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि हीच खरी काळजीची गोष्ट. त्याऐवजी दोन अटी घाला: २०२६-०३-०१ किंवा त्यानंतरची, आणि २०२६-०४-०१ च्या आधीची. कॉलमला 'डेट' फंक्शन (वेळ काढून फक्त तारीख देणारं) लावूनही उत्तर बरोबर येतं, पण मग त्या कॉलमवरच्या इंडेक्सचा (नोंदी पटकन शोधून देणाऱ्या सूचीचा) फायदा मिळत नाही आणि मोठ्या टेबलवर क्वेरी रखडते.

'डेट_फॉरमॅट' हे तारीख हव्या त्या रूपात मांडणारं फंक्शन फक्त दाखवण्यापुरतं वापरा. त्यातून मिळतो तो मजकूर, तारीख नव्हे. दिवस-महिना-वर्ष अशा मजकुरावर 'ऑर्डर बाय' (क्रम लावण्याची सूचना) लावलं की ०२-०४-२०२६ ही ३१-०३-२०२६ च्या आधी येते. क्रम मूळ कॉलमवरच लावा. 'डेट_फॉरमॅट'मध्ये मिनिटांसाठी टक्क्याच्या चिन्हापुढे लहान 'आय' लागतो. लहान 'एम' दिलात तर मिनिटांच्या जागी महिना छापला जाईल.

नोंदी यूटीसी वेळेत (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत) साठवल्या जात असतील, तर आपल्याकडची पहाटे साडेपाचच्या आधीची नोंद आदल्या तारखेत पडते. तिथे मार्चची सुरुवात २८ फेब्रुवारीच्या १८:३० पासून धरा आणि शेवट ३१ मार्चच्या १८:३० ला.