जिल्हाधिकारी महोदय, अंबड-सिडकोचा वारा विंड टनेलमध्ये तपासून घ्या

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, नाशिक

महोदय,

रासायनिक अपघातांविषयीच्या 1996 च्या नियमांनुसार जिल्हा संकट गटाचं अध्यक्षपद आपल्याकडे असतं, म्हणून थेट आपल्यालाच लिहितो आहे. माझी नोकरी अंबड एमआयडीसीत सेफ्टी विभागात झाली आणि घर सिडकोत आहे. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा सुटला की अंबडची हवा आमच्याच गल्ल्यांतून जाते.

कारखान्याबाहेरच्या आपत्तीचा आराखडा करताना सहसा गळतीच्या जागेभोवती नकाशावर वर्तुळं काढतात आणि सपाट जमिनीची सूत्रं वापरून अंतर ठरवतात. मोकळ्या माळावर ते चालतं. अंबडमध्ये शेडला शेड लागून आहे. छपरावरचा विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) पश्चिमेचा वारा दाखवत असतो, तेव्हाच शेडच्या आडोशाला खालची हवा उलटी फिरून भिंतीकडे येते. कामगाराला आम्ही शिकवतो: विंडसॉक बघ आणि वाऱ्याला आडवा पळ. तो ज्या गल्लीत पळाला त्याच गल्लीत गॅस वळला, तर त्याने काय करायचं?

क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असतो. तो जमिनीलगत सरकतो, उतार आणि नाले धरतो. अमोनिया हलका, पण द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमधला दाबाखालचा द्रव अमोनिया फुटला तर गार तुषारांमुळे त्याचाही ढग बराच वेळ खालीच राहू शकतो. विशाखापट्टणमला 7 मे 2020 च्या पहाटे स्टायरीन या रसायनाची जड वाफ झोपलेल्या वस्तीत शिरली. भोपाळही रात्रीच घडलं.

विंड टनेलमध्ये, म्हणजे परिसराची छोटी प्रतिकृती ठेवून तिच्यावरून पंख्याने वारा सोडतात त्या बोगद्यात, हे आधीच बघता येतं. 1:300 च्या मॉडेलमध्ये दीड किलोमीटरचा परिसर 5 मीटरमध्ये बसतो. पुढे ठोकळे मांडून जमिनीलगतचा खडबडीत वारा तयार करतात, गळतीच्या जागी मोजता येईल असा वायू सोडतात आणि बारीक नळ्यांनी गल्लीगल्लीतलं प्रमाण घेतात. जड वायूसाठी टनेलमधला वारा मुद्दाम मंद ठेवावा लागतो, नाहीतर वायूच्या वजनाचा परिणाम दिसतच नाही. मला सर्वात महत्त्वाचं वाटतं ते हे, की अचानक झालेली तीच गळती पुन्हा पुन्हा करून बघता येते. दर वेळी ढग थोडा वेगळा जातो. सरासरी आकडा सौम्य दिसतो, पण माणूस मरतो तो मधल्या तीव्र झोताने. क्लोरीनचं 10 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 10 भाग) प्रमाणही जिवाला तातडीचा धोका मानलं जातं.

ही मोजमापं निराधार नाहीत. इंग्लंडमध्ये थॉर्नी आयलंडला 1982 ते 1984 दरम्यान जड वायूचे ढग खऱ्या मैदानात सोडले गेले आणि टनेलमधले निकाल त्यांच्याशी ताडून पाहिले गेले. मात्र हिवाळ्यातल्या निवांत रात्री गार हवा तळाशी साचते, ती स्थिती साध्या टनेलमध्ये नीट उतरत नाही. त्यासाठी जागेवर वारा आणि तापमान मोजावं लागेल.

माझी मागणी एवढीच. अंबड-सिडकोच्या पट्ट्याचं मॉडेल आयआयटीसारख्या संस्थेकडून करून घ्यावं. खर्च जिल्हा नियोजन समितीने आणि घातक रसायनं साठवणाऱ्या कारखान्यांनी मिळून उचलावा. निकाल आले की सायरनच्या जागा, बाहेर पडायचे रस्ते आणि एकत्र जमायची ठिकाणं नव्याने ठरवावीत आणि तो नकाशा सिडको विभागीय कार्यालयात व प्रत्येक शाळेत मराठीत लावावा.

आपला,
सिडकोतील एक रहिवासी