मरीन ड्राइव्हवरच्या अनोळखी मदतनीसांचे आभार

४ जुलै २०२४. टी-२० विश्वचषक जिंकलेला संघ नरिमन पॉइंटहून उघड्या बसमधून वानखेडेकडे निघणार होता. अंतर जेमतेम दोन किलोमीटर, पण पाचची मिरवणूक साडेसातच्या सुमारास निघाली आणि तोवर गर्दी वाढतच गेली. क्रिकेटमधलं ओ की ठो न कळणारे आम्ही स्थानिकही त्यात सापडलो.

एका बाजूला समुद्र, दुसरीकडे इमारती, त्यात चर्चगेटहून येणारे लोंढे. मागचा रेटतो, पुढच्याला सरकायला जागाच नसते. टाचेवर पाय पडून चप्पल निघते आणि ती उचलायला वाकलेला माणूस उठू शकत नाही. म्हणून "चप्पल सोडा, वाकू नका!" असं घसा बसेपर्यंत ओरडणाऱ्यांचे पहिले आभार. छातीपुढे हात आडवे धरा म्हणजे श्वासाला जागा राहते, हे दाखवणाऱ्यांचे, घुसमटलेल्यांना तिरकं कडेला काढणाऱ्यांचेही.

रुग्णवाहिकेला अंग चोरून वाट देणाऱ्यांनी तर कमालच केली! पालिकेच्या सफाई कामगारांनी रातोरात रस्ता झाडला. ढिगात चपला-बुटांचाच भरणा, त्यातही जोड कुठेच लागेना.

कप? लांबून काहीतरी चमकलं खरं. तोच असावा.